लहरी जनतेच्या, मग रेंज कोणाला?

गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका खेड्यातून माझ्या जुन्या पक्षकाराचा फोन आला. जमिनीचा दावा नव्हता, पोलीस ठाण्याचे प्रकरणही नव्हते. त्याच्या मुलीने नर्सिंगला प्रवेश घेतला होता आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. अर्ज मोबाईलवर भरायचा, मोबाईलवर ओटीपी येणार, तो ठराविक मिनिटांत टाकायचा. वस्तीवर रेंज नाही. बाप आणि लेक छत्री घेऊन पाझर तलावाच्या बांधावर चढले. तिथे रेंज येते, पण ओटीपी पोहोचेपर्यंत त्याची वेळ संपते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. "वकीलसाहेब, तुम्ही तिकडून भरता का? ओटीपी तुमच्या फोनवर नाही का यायचा?" हा त्या बापाचा प्रश्न होता. मला 'नाही' म्हणावे लागले. शेवटी दोघेही तालुक्याला नातेवाइकाकडे गेले आणि रात्री अकरा वाजता अर्ज भरून झाला. ज्यांचा तालुक्याला कोणी नातेवाईक नाही, त्यांच्या मुलींनी काय करायचे?

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात ६-जीची बातमी होती. संशोधक आता शेकडो गिगाहर्ट्झच्या लहरींवर काम करीत आहेत, एका सेकंदात अख्खा चित्रपट मोबाईलवर येईल, वगैरे वगैरे. आमच्या एका कार्यकर्त्याने ती बातमी वाचून वर्तमानपत्र बाजूला टाकले. म्हणाला, "साहेब, ही बातमी आपली नाही." मला तसे वाटत नाही. ही बातमी आपलीच आहे. पुढच्या दहा वर्षांत कोणत्या वस्तीवर रेंज येणार आणि कोणत्या वस्तीवर येणार नाही, याचा बराचसा निर्णय आज प्रयोगशाळांत, मानके ठरविणाऱ्या बैठकांत आणि लिलावाच्या अटींत होत आहे. तो झाल्यानंतर आपण मोर्चा काढला तर हातात फक्त निवेदनाची पोच येते. म्हणून हा विषय थोडा समजून घ्यावा, एवढीच या लेखाची विनंती आहे.

मोबाईलचा आवाज आणि चित्र रेडिओलहरींवरून जाते. लहर एका सेकंदाला किती वेळा कंप पावते ती तिची वारंवारिता, म्हणजेच फ्रिक्वेन्सी. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते. २६ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेअकरा मिलिमीटर, आणि ३०० गिगाहर्ट्झला ती एका मिलिमीटरवर येते. म्हणूनच या वरच्या पट्ट्यांना मिलिमीटर लहरी आणि त्याच्याही पुढे टेराहर्ट्झ लहरी म्हणतात.

कंपन्या आणि संशोधक वर का चालले आहेत? कारण खाली गर्दी आहे. २०२२ च्या लिलावात एका मोठ्या कंपनीला ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक परिमंडळात १० मेगाहर्ट्झची जोडी मिळाली, तर २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तब्बल १००० मेगाहर्ट्झ मिळाले. रस्ता जितका रुंद तितकी वाहतूक जास्त, हा हिशेब इथेही लागू आहे. पण निसर्ग फुकट काही देत नाही. फ्रिक्वेन्सी दहापट वाढविली आणि अँटेना त्याच प्रकारच्या ठेवल्या, तर तेवढ्याच अंतरावर पोहोचणारी शक्ती शंभरपटीने घटते. शिवाय या लहरींना भिंत अडविते, झाडाची पाने अडवितात, मध्ये उभा राहिलेला माणूससुद्धा अडवितो. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास हवेतला प्राणवायूच ती लहर शोषून घेतो. दोनशे मीटरच्या अंतरात मुसळधार पावसाचा फार त्रास होत नाही, परंतु काही किलोमीटरचा टप्पा असेल तर होतो. यावर उपाय म्हणून शेकडो छोट्या अँटेना एकत्र बसवून लहर बॅटरीच्या झोतासारखी एका दिशेने सोडली जाते. हे तंत्र चालते. मात्र एका मोठ्या टॉवरच्या जागी रस्त्यारस्त्यावर छोटी केंद्रे बसवावी लागतात आणि त्यातल्या प्रत्येकापर्यंत फायबरची केबल किंवा दुसरी भक्कम जोडणी आणावी लागते. म्हणजे जिथे गर्दी आणि पैसा आहे तिथेच हे आधी जाणार.

या लहरींचा इतिहास आपल्याच देशात सुरू होतो, हेही माहीत असावे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९४ ते १८९६ या काळात कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात मिलिमीटर लहरींवर प्रयोग केले. पाच मिलिमीटर लांबीपर्यंतच्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी त्यांनी निर्माण केल्या आणि पकडल्या. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमधील प्रात्यक्षिकात त्यांनी भिंतीपलीकडे पाठविलेल्या लहरींनी घंटा वाजविली आणि दारू उडविली. विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने २०१२ साली या प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. याच प्रेसिडेन्सी कॉलेजात बोस यांना युरोपियन प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला होता. त्यांनी तीन वर्षे पगार घेतला नाही, शिकविणे मात्र सोडले नाही. शेवटी सरकारला समान वेतन मान्य करावे लागले. पुढे १९०४ मध्ये त्यांच्या लहरी पकडणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत पेटंट मिळाले, पण पेटंटमधून पैसा मिळविण्यात त्यांना रस नव्हता. बोस यांची ती वृत्ती थोर होती. आज जग तसे राहिलेले नाही. आज ज्याचे पेटंट मानकात बसते, त्याला विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमागे वाटा मिळतो आणि तो वाटा शेवटी ग्राहकाच्या खिशातून जातो.

शंभर वर्षांनंतर हेच संशोधन मोबाईलकडे वळले. मिलिमीटर लहरी फिरत्या फोनला चालणार नाहीत, असे समजले जात होते. अमेरिकेतील थिओडोर रॅपापोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर २८ गिगाहर्ट्झची आणि ऑस्टिन शहरात ३८ गिगाहर्ट्झची मोजमापे घेतली आणि २०१३ मध्ये दाखवून दिले की त्या चालतात, फक्त अंतर दोनशे मीटरच्या घरात ठेवावे लागते. २०२१ मध्ये सॅमसंगने १४० गिगाहर्ट्झवर १५ मीटर अंतरावर सेकंदाला ६.२ गिगाबिट इतकी माहिती पाठवून दाखविली. एलजीने जर्मनीच्या फ्राऊनहोफर संस्थेबरोबर त्याच वर्षी बर्लिनमध्ये १०० मीटर आणि २०२२ मध्ये ३२० मीटरचे अंतर गाठले. ही शास्त्रज्ञांची खरी कामगिरी आहे आणि तिचे कौतुक केलेच पाहिजे. पण हे आकडे पुन्हा वाचा. पंधरा मीटर, शंभर मीटर, तीनशेवीस मीटर. आमच्या वस्तीपासून टॉवर चार किलोमीटरवर आहे.

प्रत्यक्ष बाजारात काय झाले, तेही पाहू. अमेरिकेत मिलिमीटर लहरींवर ५-जी सुरू झाले आणि ते स्टेडियम, विमानतळ, शहरांचे मध्यभाग यांपुरतेच राहिले. मग त्याच कंपन्यांनी २०२१ मध्ये मधल्या फ्रिक्वेन्सीच्या लिलावात अब्जावधी डॉलर ओतले. दक्षिण कोरियाचे उदाहरण माझ्यासारख्या वकिलाला अधिक महत्त्वाचे वाटते. तिथल्या सरकारने २८ गिगाहर्ट्झचा पट्टा देताना तिन्ही कंपन्यांना प्रत्येकी १५ हजार केंद्रे उभारण्याची अट घातली होती. तीन वर्षांत कंपन्यांनी त्याच्या जेमतेम दहा-बारा टक्के केंद्रे उभारली. सरकारने २०२२ च्या अखेरीस दोन कंपन्यांकडून आणि २०२३ मध्ये तिसऱ्या कंपनीकडूनही तो पट्टा काढून घेतला. परवाना म्हणजे दानपत्र नव्हे, अट मोडली तर तो जातो, एवढी साधी गोष्ट तिथल्या सरकारने करून दाखविली.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निर्णय दिला की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठीच झाला पाहिजे. मुख्य निकालपत्र आपल्या महाराष्ट्राचे न्या. पी. बी. सावंत यांचे होते. पुढे २ फेब्रुवारी २०१२ रोजी याच न्यायालयाने २-जी प्रकरणात १२२ परवाने रद्द केले आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचे सरकार हे केवळ विश्वस्त आहे, हे पुन्हा बजावले. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा अंगभूत भाग असल्याचे सांगितले. हे चारही निकाल एकत्र वाचा. लहरी जनतेच्या आहेत, सरकार त्यांचे विश्वस्त आहे आणि त्या लहरींवरून मिळणारी सेवा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मग विश्वस्ताने हिशेब द्यायला नको काय?

२०२२ च्या लिलावात सरकारला सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली मिळाली. वर्तमानपत्रांनी हा आकडा मोठ्या अक्षरांत छापला. कोणत्या गावात कोणत्या तारखेपर्यंत सेवा देण्याचे कंपन्यांनी कबूल केले, हे मात्र कोणी छापले नाही. विश्वस्ताने मालमत्ता महाग विकली म्हणजे त्याचे कर्तव्य संपले, असे होत नाही. मालमत्तेचा लाभ लाभार्थ्याला मिळाला काय, हे पाहणे हेच विश्वस्ताचे काम आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते. १९४३ मध्ये त्यांनी देशाला स्वस्त आणि मुबलक वीज मिळाली पाहिजे, असा आग्रह धरला आणि विजेची मालकी सरकारकडे असावी की खाजगी कंपन्यांकडे, हा प्रश्न तेव्हाच चर्चेला घेतला. देशात तारा ओढल्या जाण्याआधी धोरणाचा विचार झाला पाहिजे, ही त्यांची रीत होती. तरीही पुढे काय घडले, हे आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. गावात वीज आली आणि वस्तीवर ती कित्येक वर्षांनी आली. मोबाईलच्या बाबतीत तेच पुन्हा होऊ द्यायचे काय?

कोणी म्हणेल, मानके परदेशात ठरतात, तिथे आपले कोण ऐकणार? ऐकतात, याचा पुरावा आहे. ५-जीची मानके ठरत असताना ग्रामीण भागाची चाचणी १.७ किलोमीटरवर टॉवर आहे असे धरून होत होती. भारतातील संशोधकांनी, त्यात मद्रासची आयआयटी अग्रभागी होती, सांगितले की आमच्याकडे टॉवर ग्रामपंचायतीच्या गावी असेल आणि पुढचा टॉवर सहा किलोमीटरवर असेल. मोठा घेर आणि कमी वेग, म्हणजे शेतात चालणारा माणूस, ही परिस्थितीही तपासली पाहिजे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ती चाचणी बंधनकारक केली. म्हणजे भारतातल्या खेड्याची मोजपट्टी जगाच्या मानकात गेली. कोणीतरी ती बैठकीत मांडली म्हणून ती गेली. २०२३ मध्ये याच संघाने ६-जीची चौकट ठरविली, तेव्हा सर्वत्र जोडणी हे एक स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून त्यात आले. अंतिम मानके २०३० च्या सुमारास येणार आहेत. तोपर्यंतचा काळ बोलण्याचा आहे.

आता एक गोष्ट, जी मला या संशोधनात आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची वाटते. भारतनेट योजनेची फायबर केबल ग्रामपंचायतीच्या इमारतीपर्यंत जाते. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेला २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटींची नवी मंजुरी मिळाली. पण ग्रामपंचायत गावात आहे आणि आपली वस्ती गावाबाहेर आहे. ती गावाबाहेर का आहे, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. केबल पंचायतीच्या भिंतीवर थांबते आणि पुढचे अर्धा किलोमीटर खोदायला कोणी तयार होत नाही. नेमक्या या अर्ध्या किलोमीटरसाठी उंच फ्रिक्वेन्सीची लहर कामाची आहे. पंचायतीच्या छतावर एक छोटी थाळी, समाजमंदिराच्या छतावर दुसरी, मध्ये अडथळा नको. ७० ते ८६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अशा जोडण्या एक-दोन किलोमीटरपर्यंत फायबरसारखा वेग देतात आणि हे तंत्र आज उपलब्ध आहे. खोदाई नाही, कोणाच्या शेतातून परवानगी नाही, कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. स्टेडियममध्ये सामना पाहणाऱ्याला आणखी वेगवान चित्र देण्यासाठी जे संशोधन चालले आहे, त्याच संशोधनाचा उपयोग वस्तीवरच्या मुलीचा अर्ज वेळेत भरण्यासाठीही होऊ शकतो. कोणता उपयोग आधी करायचा, हे तंत्रज्ञान ठरवीत नाही. ते पैसा आणि धोरण ठरविते.

पैसा आहे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवेसाठी ५ टक्के रक्कम वेगळी काढली जाते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीला 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. या कायद्यातील एक शब्द कार्यकर्त्यांनी अधोरेखित करून ठेवावा. पूर्वीच्या कायद्यात भर ग्रामीण आणि दुर्गम भागांवर होता. नव्या कायद्यात सेवेपासून वंचित असलेल्या शहरी भागांचाही उल्लेख आला आहे. म्हणजे मुंबई, पुणे, नागपूरच्या झोपडपट्ट्याही या निधीवर हक्क सांगू शकतात. याच निधीतून संशोधनालाही पैसा मिळतो. टेराहर्ट्झ लहरींवरील चाचणी केंद्राचे काम मुंबईच्या पवई येथील 'समीर' या सरकारी संस्थेच्या पुढाकाराने, आयआयटींच्या सहभागाने मंजूर झाले आहे. हा आपल्याच मोबाईल बिलातून जमलेला पैसा आहे. म्हणून त्या संशोधनात गावकुसाबाहेरच्या अर्ध्या किलोमीटरची चाचणी झाली पाहिजे, ही मागणी भीक ठरत नाही.

जाता जाता अफवांबद्दल. २०२० मध्ये ५-जीमुळे कोरोना पसरतो, अशी आवई उठली होती आणि आपल्या काही वस्त्यांतही तिच्यावर विश्वास ठेवला गेला. या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतील रेणूंचे बंध तोडत नाहीत. मिलिमीटर लहरी तर कातडीच्या वरच्या थरातच थांबतात. प्रमाणाबाहेर शक्ती असेल तर उष्णता निर्माण होते, म्हणून मर्यादा ठरविलेल्या आहेत आणि भारताने २०१२ मध्ये टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. टॉवरची मोजणी मागावी, अहवाल तपासावा. अफवेवरून वस्तीतला टॉवर हाकलून लावला तर नुकसान आपल्याच मुलांचे आहे.

मग करायचे काय? पहिले, प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने वस्तीवर कुठे रेंज येते, कुठे येत नाही, याची नोंद तारीख-वेळेसह करावी. न्यायालयात तक्रारीपेक्षा नोंदवही जास्त बोलते. दुसरे, माहितीच्या अधिकारात डिजिटल भारत निधीतून आपल्या तालुक्यात कोणते काम मंजूर झाले आणि ते ग्रामपंचायतीपाशी थांबले की वस्तीपर्यंत आले, हे विचारावे. तिसरे, दूरसंचार नियामक प्राधिकरण लिलावाच्या अटींवर वेळोवेळी जनतेकडून हरकती मागविते. कंपन्यांचे वकील तिथे जाडजूड निवेदने देतात. आपल्या संघटनांची निवेदनेही तिथे गेली पाहिजेत आणि त्यांत एकच मुद्दा पुन्हा पुन्हा यावा, की गाव जोडले असे म्हणायचे असेल तर वस्तीही मोजली जावी. चौथे, आपल्या समाजातून आज हजारो मुले इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचारची पदवी घेतात आणि मिळेल त्या नोकरीला लागतात. त्यातील काहींनी तरी एम.टेक., पीएच.डी. करून अँटेना आणि लहरींच्या संशोधनात जावे. सहा किलोमीटरची मोजपट्टी ज्यांना गाव ठाऊक होते त्यांनी मांडली. अर्ध्या किलोमीटरची मोजपट्टी ज्यांना वस्ती ठाऊक आहे त्यांनाच मांडावी लागेल.

त्या मुलीचा अर्ज मंजूर झाला. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली की अजूनही तलावाच्या बांधावर चढून कॉलेजच्या सूचना पाहते. बापाने मला परवा विचारले, "साहेब, वस्तीवर रेंज कधी येणार?" माझ्याकडे तारीख नाही. अर्ज मात्र तयार आहे. तो निधीच्या प्रशासकाकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि नियामक प्राधिकरणाकडे पाठवीत आहे. वाचकांनी आपापल्या वस्तीचे असे अर्ज तयार करावेत. मसुदा लागला तर कळवा, देईन.